रकाना क्रमांक सतरा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी कळमन्याला गेले.
खांद्यावर टॅब, पिशवीत कोरे फॉर्म,
कारण टॅब तापला की बंद पडतो.
काम एवढंच : मे महिन्यात उन्हापायी जे जे केलं
ते पोचलं का, कुणाला, किती वेळात,
आणि त्यानं काही फरक पडला का.

पोचलं, हे पहिल्या तासातच कळलं.
ओआरएसची सहा हजार दोनशे पाकिटं.
अकरा शीतकक्ष. बावीस कूलर, पैकी चालू एकोणीस,
पैकी टाकीत पाणी असलेले...
हा रकाना फॉर्मवर नव्हता.
मी पेनानं आखला.

हमालांच्या अड्ड्यावर तुळशीराम हेडाऊ म्हणाला,
"पुड्या भेटल्या ना. चवीले बऱ्या होत्या.
पोरायनं सरबत करून पेलं."
मी लिहिलं : वापर अयोग्य.
मग खोडलं,
कारण पोरंही त्याच पत्र्याखाली झोपतात.

दवाखान्याच्या वहीत नवतपा लागल्यापासून
गंभीर रुग्णांचा ताप एकच :
एकशे आठ, एकशे आठ, एकशे आठ,
जणू कुणी माळ ओढत बसलं होतं.
सिस्टर नंदेश्वरांना विचारलं.
त्यांनी ड्रॉवरमधून काचेची नळी काढून
माझ्या हातावर ठेवली.
आकडे तिथंच संपत होते.
"पारा वर टेकला की आम्ही तेवढंच लिहितो, मॅडम.
पुढचं त्या माणसाला ठाऊक."

गेल्या वर्षी मृत्यू चौदा. यंदा चार.
ही ओळ अहवालात ठळक अक्षरांत जाणार,
हे मला नागपूरला उतरायच्या आधीच माहीत होतं.
माहीत नव्हती ती पंचफुला पराते.
तिच्या नवऱ्याच्या दाखल्यावर लिहिलंय :
हृदयक्रिया बंद पडून.
कुणाची बंद न पडता माणूस जातो?
अंग तव्यासारखं होतं, ती म्हणाली,
पण तवा कुणी नोंदवला नाही,
म्हणून नीळकंठ पराते
चारांतही नाही आणि चौदांतही नाही.

प्रश्न नऊ : अॅम्ब्युलन्स किती मिनिटांत आली?
ती माझ्याकडे बघत राहिली.
"मी घड्याळ पाहू, का त्यायचं तोंड पाहू?"
टॅबला उत्तर हवं होतं, आकड्यात.
त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी शून्य टाकलं. पान उघडलं.
आता सरासरीत ती गाडी
बोलावण्याआधीच दारात उभी असेल.

संध्याकाळी धान्याच्या शेडमागं बेबीनंदा भेटली.
दोन रांजण, एक जुनी चादर, एक बाज.
तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.
भोवळ आलेल्याला बाजेवर टाकायचं,
चादर भिजवून पांघरायची,
पुठ्ठ्यानं वारा घालायचा,
आणि तो आपल्या पायानं घरी गेला
की भिंतीवर कोळशानं एक रेघ.
"आणि नाही गेला तर?"
"तर रेघ नाही."

मला प्रशिक्षणात शिकवलेला प्रश्न आठवला,
तो मी तसाच विचारला :
तुम्ही नसता तर यातले किती गेले असते?
ती पुठ्ठ्यानं स्वतःलाच वारा घालत हसली.
"ते मले काय ठाऊक?
मोजाची नोकरी तुमाले भेटली."

सोमवारी भिंतीला चुना लागणार होता,
पाहणीला साहेब येणार म्हणून.
मी रेघा मोजल्या. एकसष्ट.
पुन्हा मोजल्या. त्रेसष्ट.
"दोन माह्या नातवाच्या असन," ती म्हणाली,
"त्याच्या हाती कोळसा लागला का ओढतेच तो."

रकाना सतरा : प्रतिसादाचा परिणाम.
खाली फक्त एका आकड्यापुरती जागा.
मी एकसष्ट लिहिलं,
आणि कडेला, बारीक अक्षरात, आधार म्हणून :
भिंत.